मन खचतं तेव्हा रक्तात काय चाललेलं असतं

दोन दिवसांच्या साध्या तापातही माणूस किती बदलतो, याकडे आपलं कधी नीट लक्ष जात नाही. अंगात कणकण भरते, तोंडाची चव जाते. कोणी बोलायला आलं की नकोसं होतं. आवडतं पुस्तक उशाशी तसंच पडून राहतं, फोन वाजून वाजून थांबतो, उठून पाणी प्यायचं म्हटलं तरी आधी मनाची तयारी करावी लागते. झोप लागते, पण उठल्यावर हुशारी वाटत नाही. उगाच रडू येतं. आता यातला ताप बाजूला काढा आणि बाकीचं सगळं दोन दिवसांऐवजी दोन वर्षं चालू ठेवा. जे उरतं त्याला डॉक्टर बहुधा डिप्रेशन म्हणतील. फरक आणखीही एक आहे. तापाने फणफणलेल्या माणसाला कोणी आळशी म्हणत नाही.

जनावरांच्या डॉक्टरांना हे चित्र चांगलं ओळखीचं. आजारी जनावर कळपापासून लांब जाऊन बसतं, खाणं सोडतं, अंग चाटत नाही. बेंजामिन हार्ट या पशुवैद्यकाने १९८८ साली असं मांडलं की ही नुसती आजाराने आलेली दुर्बलता नाही, यामागे शरीराचा हेतू आहे. ताप चढवायला बरीच ऊर्जा लागते. ती वाचवायची तर हिंडणं, खाणं शोधणं, इतरांत मिसळणं काही काळ थांबवायला हवं. एका जागी निपचित पडून राहिलं की शिकाऱ्याच्या नजरेला पडायची भीतीही कमी. म्हणजे आजारपणातली मरगळ जंतू आणत नाहीत, ती आपली स्वतःची प्रतिकारशक्ती आणते. त्यासाठी ती मेंदूला तसा निरोप धाडते.

या निरोपाची साधनं म्हणजे सायटोकाइन नावाची लहान लहान प्रथिनं. इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, टीएनएफ ही त्यातली जास्त बोलली जाणारी नावं. जंतू दिसला, जखम झाली, की पांढऱ्या पेशी ती सोडतात. ती थेट मेंदूत सहजासहजी शिरत नाहीत, पण त्यांना तसं शिरावं लागतही नाही. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी त्यांची दखल घेतात आणि पलीकडच्या बाजूला स्वतः रसायनं सोडतात. दुसरी वाट व्हेगस मज्जातंतूची. पोटापासून छातीपर्यंतच्या अवयवांची खबर हा मज्जातंतू मेंदूकडे नेत असतो. प्रयोगात उंदरांचा व्हेगस पोटाच्या वरच्या बाजूला कापला आणि मग दाह, म्हणजे प्रतिकारशक्ती चेतल्यावर येणारी जळजळ-सूज, निर्माण करणारी द्रव्यं पोटात टोचली, तेव्हा त्यांची मरगळ बरीच कमी झालेली दिसली. दाह होता, पण त्याची बातमी नेणारी तार तुटली होती. आणि मेंदूच्या आतही मायक्रोग्लिया नावाच्या पेशी आहेतच. त्या मेंदूतल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी. त्या एकदा खडबडून जाग्या झाल्या की आतूनच सायटोकाइन बनवू लागतात.

मेंदू प्रतिकारशक्तीपासून अलिप्त आहे, असं वैद्यकशास्त्र बराच काळ मानत आलं. २०१५ साली मेंदूच्या आवरणांमध्ये लसिकावाहिन्यांचं जाळं असल्याचं अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या आणि फिनलंडमधल्या संशोधकांनी उंदरांत दाखवून दिलं. शरीराच्या इतर भागांत प्रतिकारशक्तीच्या पेशींची ये-जा ज्या वाहिन्यांतून होते, त्याच या वाहिन्या. एकविसाव्या शतकाची पंधरा वर्षं उलटून गेल्यावर शरीररचनेच्या चित्रात एक अख्खं जाळं नव्याने काढावं लागलं, यावरून या दोन शाखा एकमेकींपासून किती लांब बसल्या होत्या ते कळतं.

हे सगळं मी वाचायला लागले ते मावशीमुळे.

मावशी शाळेत गणित शिकवायची. फळ्यावर न बघता सरळ रेघ मारणारी, वर्गात एकाही मुलाचं नाव न विसरणारी. चाळिशी ओलांडल्यावर तिचं डिप्रेशन सुरू झालं आणि ते हटेना. एका गोळीने गुण आला नाही म्हणून दुसरी, दुसरीचा डोस वाढवला, मग तिच्या जोडीला तिसरी. मधे थोडं बरं वाटायचं, पुन्हा खाली. तिच्या फाइलमध्ये एका कागदावर डॉक्टरांनी लिहिलेलं होतं, 'रेझिस्टंट'. दोन वेगवेगळी औषधं, पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे देऊनही फरक पडला नाही, की सहसा हे नाव देतात. नातेवाइकांनी मात्र त्याचा अर्थ वेगळाच लावला. हिलाच बरं व्हायचं नाही, असा. मन घट्ट कर, स्वतःला कशात तरी गुंतवून घे, तुला काय कमी आहे, ही वाक्यं तिने इतक्यांदा ऐकली होती की समोरचा बोलायला लागायच्या आधीच ती मान हलवायची.

या बाबतीत मावशी एकटी नव्हती. अमेरिकेत सुमारे चार हजार रुग्णांवर झालेल्या आणि २००६ साली निष्कर्ष आलेल्या 'स्टार-डी' या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने साधारण तिसरा हिस्सा लोकांची लक्षणं जवळजवळ पूर्ण गेली. ज्यांची नाही गेली त्यांना दुसरं औषध, मग तिसरं, मग चौथं. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर पोचलेल्यांपैकी शंभरात तेरा-चौदा जणांनाच तसा उतार पडला. या अभ्यासातले आकडे जास्तच आशादायक पद्धतीने मोजले गेले, अशी टीकाही नंतर झाली. म्हणजे खरं चित्र याहूनही फिकं असण्याची शक्यता आहे. दोन औषधांनी गुण आला नाही तर त्याच जातीच्या तिसऱ्याने येण्याची आशा पातळ होत जाते. डिप्रेशनवरची बहुतेक औषधं अजूनही सेरोटोनिन, नॉरएपिनेफ्रिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनांच्याच आसपास फिरतात. ज्यांच्या आजाराचं मूळ दुसरीकडे असेल त्यांना एकाच पठडीतली औषधं आळीपाळीने देत राहून काय साधणार, हा प्रश्न मला तेव्हा सतावायचा आणि अजूनही सतावतो.

ते मूळ काही जणांच्या बाबतीत प्रतिकारशक्तीत असू शकतं, याचा मला सर्वांत पटलेला पुरावा डिप्रेशनच्या दवाखान्यातून आलेलाच नाही. तो हेपटायटिस-सी आणि कर्करोगाच्या वॉर्डांतून आला. इंटरफेरॉन-अल्फा हे आपलंच शरीर विषाणूंशी लढताना बनवतं असं एक सायटोकाइन. ते प्रयोगशाळेत बनवून हेपटायटिस-सीच्या आणि मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णांना महिनोन् महिने टोचलं जायचं. आणि डॉक्टरांना दिसू लागलं की ज्यांना आयुष्यात कधी मनाचा त्रास नव्हता अशी माणसंही उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांत खचतात. आधी थकवा यायचा, भूक जायची, झोप बिघडायची. मग उदासी, चिडचिड, काही जणांत मरणाचे विचार. कोणी म्हणेल, एवढा मोठा आजार झाल्यावर माणूस खचणारच. पण आजार तर इंजेक्शनच्या आधीही होता. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या संशोधकांनी मेलानोमाच्या चाळीस रुग्णांवर केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना इंटरफेरॉन सुरू करण्याच्या दोन आठवडे आधीपासून पॅरोक्सेटिन ही डिप्रेशनची गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. औषध नसलेल्या गटात शंभरी ४५ जणांना डिप्रेशन आलं, गोळीच्या गटात ११ जणांना.

हा निकाल मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. एक सायटोकाइन बाहेरून आत सोडायचं आणि जवळजवळ निम्मी माणसं डिप्रेशनमध्ये जायची. बालपण तेच, स्वभाव तोच, घर तेच. बदललं होतं ते रक्तातलं एक प्रथिन. हेपटायटिस-सीवर २०१३ नंतर थेट विषाणूवर चालणाऱ्या गोळ्या आल्या आणि इंटरफेरॉन मागे पडलं, ही त्या रुग्णांसाठी फार चांगली गोष्ट झाली. पण जाता जाता या औषधाने मनाच्या आजाराबद्दल जे शिकवलं ते मोलाचं आहे.

आता प्रथिन रक्तात वाढलं म्हणून मन का बुडावं? याची एक वाट ट्रिप्टोफॅनमधून जाते. ट्रिप्टोफॅन अन्नातून मिळतं आणि त्याच्या थोड्याशा भागापासून मेंदू सेरोटोनिन बनवतो. दाह वाढला की सायटोकाइनमुळे आयडीओ नावाचं एक विकर (एन्झाइम) जोरात काम करू लागतं, आणि पाटाचं पाणी मधेच दार फोडून दुसऱ्या वाफ्याकडे वळवावं तसं ते ट्रिप्टोफॅनला दुसरीकडे, कायन्युरेनिन नावाच्या पदार्थाकडे वळवतं. पुढे मायक्रोग्लियांमध्ये त्या कायन्युरेनिनपासून क्विनोलिनिक आम्ल तयार होऊ शकतं. हे आम्ल मेंदूतल्या ग्लुटामेट या निरोप्या रसायनाच्या एका ठरावीक जागेला, एनएमडीए रिसेप्टरला, चेतवतं. जास्त झालं तर पेशींना अपायही करतं. सेरोटोनिन टिकवून धरणारी गोळी अशा वेळी दिली तर ती टिकवणार काय, असा विचार मनात येतोच. आणि केटामिन हे याच रिसेप्टरला अडवणारं औषध न हटणाऱ्या डिप्रेशनमध्ये काही जणांना काही तासांत उतार देतं, हेही इथे आठवतं. या दोन्ही गोष्टी जोडून सरळ रेघ मारायचा मोह होतो. मी ती मारणार नाही, कारण माणसाच्या मेंदूत या वाटेने नेमकं किती घडतं याचं मोजमाप उंदरांइतकं सोपं नाही. पण दिशा विचार करायला लावणारी आहे.

दुसरी वाट मला त्याहून जवळची वाटते. ती डोपामिनची. दाहामुळे मेंदूच्या खोल भागातल्या, स्ट्रायटम नावाच्या जागेतल्या डोपामिनच्या कामावर परिणाम होतो. डोपामिन म्हणजे सुखाचं रसायन असं सरसकट म्हटलं जातं, ते अपुरं आहे. एखाद्या गोष्टीसाठी कष्ट घ्यावेत की नाही, तेवढं ते मोलाचं आहे का, हा हिशोबही त्याच्याकडे असतो. तो हिशोब बिघडला की दुःख होईलच असं नाही. पण कुठलंच काम हातून उठत नाही.

मावशीला मी अंघोळीनंतर खुर्चीत बसलेलं पाहिलं आहे. ओले केस पाठीवर मोकळे, मांडीवर फणी. फणी ती उचलायची, केसांपर्यंत न्यायची आणि हात तिथेच अर्धवट थांबायचा. डोळ्यांत पाणी नसायचं. चेहऱ्यावर दुःखही नसायचं. नुसती एक मोजदाद चाललेली असायची, की हे एवढं सगळं करायचं म्हणजे किती. मग फणी पुन्हा मांडीवर. एकदा मी म्हटलं, 'मावशी, मी विंचरू का?' ती म्हणाली, 'विंचर गं. मला नको आहे असं नाही. सुरुवातच होत नाही.' त्या वेळी मी केस विंचरायला घेतले आणि कानामागे, केसांच्या मुळाशी, मला चंदेरी खपल्यांचे चट्टे दिसले. ते सोरायसिसचे होते. कोपरांवरही होते. ती लांब बाह्यांचे कपडे घालायची, म्हणून कोणाच्या ध्यानात आले नव्हते. तिच्या बोटांचे सांधे सकाळी आखडतात, मूठ वळायला बराच वेळ लागतो, हेही तिने त्याच दिवशी सांगितलं, आणि तेही मी विचारलं म्हणून.

मनाच्या डॉक्टरांनी तिला कातडीबद्दल विचारलं नव्हतं. कातडीच्या डॉक्टरांकडून ती कधीकाळी मलम आणायची, त्यांनी मनाबद्दल विचारलं नव्हतं. यात कोणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही. आपली सगळी वैद्यकव्यवस्थाच मानेच्या वर एक आणि मानेच्या खाली एक अशी विभागलेली आहे. पण सोरायसिस हा प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार. त्यात टीएनएफ वाढलेलं असतं, सांधे धरतात. आणि अशा आजारांत डिप्रेशनचं प्रमाण जास्त असतं हे डॉक्टरांना ठाऊक होतंच. त्याचं स्पष्टीकरण मात्र बहुधा एकच दिलं जायचं, की चट्ट्यांची लाज वाटते, दुखणं असतं, म्हणून माणूस उदास होतो. ते काही अंशी खरंच आहे. पण २००६ साली सोरायसिसच्या सहाशेहून अधिक रुग्णांवर टीएनएफला अडवणाऱ्या एटानर्सेप्ट या औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यात कातडीबरोबर उदासीही कमी झालेली दिसली, आणि उदासी कमी होण्याचा कातडी सुधारण्याशी किंवा सांधेदुखी कमी होण्याशी फारसा घट्ट मेळ बसत नव्हता. कातडी सुधारली म्हणून मन सुधारलं, एवढंच असतं तर तो मेळ बसायला हवा होता.

डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाच्या रुग्णालयातल्या नोंदी एकत्र ठेवलेल्या असतात. अशा पस्तीस लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासून २०१३ साली निघालेला निष्कर्ष असा, की ऑटोइम्यून, म्हणजे सोरायसिससारख्या प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या, आजारासाठी रुग्णालयाची पायरी चढलेल्यांमध्ये पुढे डिप्रेशन किंवा बायपोलरसारखा मनःस्थितीचा आजार होण्याचं प्रमाण ४५ टक्क्यांनी जास्त होतं. गंभीर जंतुसंसर्गामुळे रुग्णालयात राहावं लागलेल्यांमध्ये ते ६२ टक्क्यांनी जास्त होतं.

सगळ्यांनाच असा ठळक आजार नसतो हे खरं. डिप्रेशनच्या कितीतरी रुग्णांमध्ये दाह असतो तो अगदी मंद. ताप नाही, सूज नाही, रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत कोणी बोट ठेवील असं काही नाही. सीआरपी नावाचं प्रथिन यकृत बनवतं, इंटरल्युकिन-६ने सांगितलं की. मोठ्या जंतुसंसर्गात ते लिटरमागे शंभर मिलिग्रॅमच्याही वर जातं. इथे प्रश्न असतो तीन, चार, पाच मिलिग्रॅमचा. डिप्रेशनच्या साधारण चौथ्या हिश्शाच्या रुग्णांमध्ये ते तीनच्या वर सापडतं, आणि औषधांना दाद न देणाऱ्यांमध्ये हे प्रमाण आणखी जास्त दिसलं आहे. उरलेल्यांमध्ये ते सापडत नाही, हेही तितकंच महत्त्वाचं, त्याकडे मी येते.

हा मुरलेला दाह येतो कुठून, याची उत्तरं अनेक. पोटावरची चरबी नुसती साठून राहत नाही, ती स्वतः इंटरल्युकिन-६ बनवते. हिरड्यांचा जुना आजार, अपुरी झोप, धूम्रपान, हे सगळे आपापला वाटा उचलतात. पण मला सर्वांत अस्वस्थ करणारं उत्तर न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचं. १९७२-७३ साली तिथे जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा माग संशोधक आजतागायत घेत आहेत. ज्या मुलांना लहानपणी मारझोड, नकार, छळ सोसावा लागला होता त्यांच्या रक्तात बत्तिसाव्या वर्षी सीआरपी जास्त सापडलं. मोठेपणची परिस्थिती, आरोग्याच्या सवयी, हे सगळं हिशोबात धरूनही जास्तच. म्हणजे सहा वर्षांच्या पोराच्या पाठीत बसलेला फटका बत्तिसाव्या वर्षी रक्ताच्या नळीत मोजता येतो. ताण आला की कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं आणि एरवी ते दाहाला आवर घालतं. पण ताण वर्षानुवर्षं हटला नाही की पेशी कॉर्टिसॉलचं ऐकेनाशा होतात आणि दाह मोकाट सुटतो. मनाचा की शरीराचा, असा वाद घालणाऱ्यांनी या मुलांचा आजार कुठल्या बाजूला टाकायचा ते सांगावं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरातल्या मुलांच्या अभ्यासात नवव्या वर्षी ज्यांचं इंटरल्युकिन-६ जास्त होतं त्यांना अठराव्या वर्षी डिप्रेशन असण्याची शक्यता जास्त आढळली. दाह आधी, आजार नंतर. उलट दिशाही खरीच आहे. खचलेला माणूस हालचाल कमी करतो, झोप बिघडते, वजन वाढतं, आणि त्यातून दाह वाढतो. हे चक्र एकदा फिरायला लागलं की सुरुवात कुठून झाली ते शोधून काढणं अवघडच.

मग साहजिक पुढचा प्रश्न येतो: दाह उतरवणारी औषधंच द्यावीत ना? इथे एक चाचणी मला फार महत्त्वाची वाटते. पुन्हा एमरी विद्यापीठातलीच. इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफला पकडून निकामी करणारं औषध, सांध्यांच्या आणि आतड्यांच्या ऑटोइम्यून आजारांत वापरलं जाणारं. संशोधकांनी ते औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनच्या साठ रुग्णांवर वापरून पाहिलं. निम्म्यांना शिरेतून खरं औषध, निम्म्यांना नुसतं सलाइन, अशी तीन वेळा, आणि बारा आठवडे निरीक्षण. निकाल २०१३ साली छापून आला: दोन गटांत काहीही फरक नाही. उपकल्पना फसली, असं म्हणून सहज फाइल बंद करता आली असती.

पण त्यांनी पुढे जाऊन रुग्णांची सुरुवातीच्या सीआरपीप्रमाणे वाटणी करून पाहिली. ज्यांचं सीआरपी लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या वर होतं, त्यांच्यात इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या शंभरातल्या ६२ जणांची लक्षणं निम्म्याहून जास्त उतरली, सलाइनवाल्यांत ३३ जणांची. आणि ज्यांच्या रक्तात दाह नव्हता त्यांच्यात उलट चित्र होतं. सलाइन घेणारेच बरे राहिले. खऱ्या औषधाने त्यांना मदत तर केली नाहीच, ते सलाइनवाल्यांच्या मागे पडले. दोन्ही बाजूंची बेरीज झाली आणि एकूण उत्तर शून्य आलं.

ही चाचणी लहान होती. वाटणी करून काढलेला निष्कर्ष आणखी मोठ्या चाचणीत तपासल्याशिवाय पक्का धरता येत नाही, हे संशोधकही सांगतात. तरीही या शून्यात मला आपल्या सगळ्या गोंधळाचं मूळ दिसतं. आपण ज्याला डिप्रेशन म्हणतो तो एक आजार नाही. दिसायला सारखे असणारे अनेक आजार एकाच नावाखाली बसले आहेत, आणि आपण त्या सगळ्यांना एका रांगेत उभं करून एकच औषध देतो. काहींना ते लागू पडतं, काहींना पडत नाही, सरासरी बेताची येते, आणि ज्यांना लागू पडलं नाही त्यांच्यावर 'रेझिस्टंट' असा शिक्का बसतो. शिक्का माणसावर बसतो, चूक वाटणीची असते. 'डिप्रेशन प्रतिकारशक्तीमुळे होतं का?' हा प्रश्न मला म्हणूनच चुकीचा वाटतो. कोणाचं डिप्रेशन, हे आधी विचारायला हवं.

याच नजरेने इतर अभ्यास पाहिले की त्यांच्यातला विस्कळीतपणा थोडा कमी होतो. मिनोसायक्लिन हे जुनं अँटिबायोटिक मायक्रोग्लियांना शांत करतं म्हणून त्याच्यावर मोठी आशा होती. पण २०२२ साली आलेल्या, १७३ रुग्णांच्या बहुकेंद्री चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही. त्याआधीच्या एका लहान चाचणीत मात्र ज्यांचं सीआरपी तीन किंवा त्याहून जास्त होतं त्यांना ते मानवलेलं दिसलं होतं. युरोपातल्या 'जेनडेप' या अभ्यासात सीआरपी एकपेक्षा कमी असलेल्यांना एस्सिटालोप्राम जास्त लागू पडलं आणि जास्त असलेल्यांना नॉरट्रिप्टिलिन. दोन्ही डिप्रेशनवरची साधी, जुनी, सहज मिळणारी औषधं. इथे नव्या महागड्या औषधाची गरजच नाही. हातात असलेल्या दोनांतलं कुठलं आधी द्यावं याला रक्ताच्या एका तपासणीने थोडी दिशा मिळू शकते, एवढंच, आणि तेही पुढच्या अभ्यासांत टिकलं तर.

सीआरपीच्या आकड्यावर एवढा भार टाकता येतो का, हा आक्षेप रास्त आहे. परवा सर्दी झाली असेल तर तो वाढतो. दाढ ठणकत असेल तर वाढतो. वजन जास्त असेल तर कायमच वरच्या बाजूला राहतो. एकदा केलेल्या तपासणीवरून कोणी आपला आजार 'दाहाचा' किंवा 'मनाचा' ठरवू नये. आणि कोणी हे वाचून सूज उतरवणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नयेत, हे मी कळकळीने सांगते. त्या महिनोन् महिने घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडं आणि हृदय यांच्यावर ताण येतो. इन्फ्लिक्सिमॅबसारख्या औषधाने शरीरात दबून बसलेला क्षयरोग उसळू शकतो. प्रतिकारशक्ती काही शत्रू नाही, ती दाबली की तिच्याकडून होणारी राखणही दबते. चालू असलेली डिप्रेशनची औषधं परस्पर थांबवणं तर त्याहून धोक्याचं.

व्यायामाने मंद दाह कमी होतो हे खरं आहे आणि डिप्रेशनमध्ये त्याचा उपयोग होतो हेही खरं. पण 'रोज चालायला जा' हे वाक्य कसं आणि कोणाला म्हणायचं याचं भान हवं. ज्या माणसाच्या मेंदूतला कष्टांचा हिशोबच बिघडला आहे त्याला नेमकं तेच करायला सांगितलं जातं जे त्याला सर्वांत जड आहे, आणि ते जमलं नाही की पुन्हा त्याच्याच नावाने बोटं मोडली जातात. मावशीला 'चालायला जा' म्हणणारे पुष्कळ होते. तिच्या दारात चपला घालून उभं राहून 'चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ' म्हणणारी एक शेजारीण होती. फरक त्या शेजारणीने पडला. सुरुवात तिने करून दिली, पुढचं मावशीचे पाय करायचे.

तिच्या सांध्यांवर आणि कातडीवर नीट उपचार सुरू झाले त्याला आता बराच काळ झाला. मूठ वळते, रात्री झोप लागते, आणि मनही पूर्वीपेक्षा हलकं आहे. यातलं किती दुखणं थांबल्यामुळे, किती झोपेमुळे, किती दाह उतरल्यामुळे आणि किती मनाच्या डॉक्टरांनी चालू ठेवलेल्या गोळीमुळे, ते वेगळं काढून दाखवता येणार नाही. ती पूर्ण बरी झाली असंही नाही. वाईट दिवस येतात. पण त्या दिवसांना ती आता स्वतःचा नाकर्तेपणा म्हणत नाही. 'आज अंगात आहे' असं म्हणते, तापाबद्दल बोलावं तसं, आणि पडून राहते. दुसऱ्या दिवशी उठते.

चौथी गोळी लिहून देण्याआधी मनाच्या डॉक्टरांनी सांधे सकाळी आखडतात का, कातडीवर चट्टे आहेत का, पोट सतत बिघडतं का, हिरड्यांतून रक्त येतं का, थायरॉइड कधी तपासलं होतं, लहानपण कसं गेलं, एवढं विचारावं. आणि सांध्यांच्या, कातडीच्या, आतड्यांच्या डॉक्टरांनी सकाळी उठावंसं वाटतं का, असं विचारावं. डॉक्टर विचारत नसतील तर घरच्यांनी सोबत जाऊन सांगावं, कारण आजारी माणसाला नेमकं बोलायचंच जड जातं. मावशीच्या दोन डॉक्टरांनी एकमेकांची कागदपत्रं पहिल्यांदा पाहिली ती मी दोन्ही फाइली एका पिशवीत घालून नेल्या तेव्हा. मनाच्या डॉक्टरांनी सांध्यांची फाइल उघडली, रक्ताचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून घेतले, आणि मावशीला म्हणाले, 'बाई, हे मला आधी माहीत असायला हवं होतं.' पुढच्या वेळेपासून दोन्ही फाइली घेऊनच या, असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून आम्ही त्या घेऊनच जातो.